स्पीकरमधलं इंजिन

भाच्याला गाडी घ्यायची होती म्हणून बाणेर रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये गेलो होतो. मी नुसता सोबतीला. त्याचं सगळं आधीच ठरलेलं असतं, मॉडेल, रंग, व्हेरिएंट, हप्ता. मामाला न्यायचं ते मामा 'गाड्यांतला' आहे म्हणून. टेस्ट ड्राइव्हला बालेवाडीच्या मागच्या मोकळ्या रस्त्याला लागलो आणि पुढे बसलेल्या सेल्सच्या मुलाने हात लांब करून एक बटण दाबलं. समोरचे निळे आकडे लाल झाले, दाराच्या पट्टीतला दिवा लाल झाला, आणि भाच्याने पाय दाबताच गाडीत असा काही भरदार गुरगुराट झाला की मी मागच्या सीटवर सरसावून बसलो. "स्पोर्ट मोड, सर," मुलगा म्हणाला. मला खटकलं ते निराळंच. इंजिन बॉनेटखाली, आणि आवाज माझ्या डाव्या कोपराजवळून येत होता. दाराला हात लावून पाहिला तर स्पीकरची जाळी थरथरत होती. इंजिन बाराशे सीसीचं, तीन सिलिंडरचं. आवाज कुठल्यातरी सहा सिलिंडरवाल्याचा उसना आणलेला. भाचा आरशातून माझ्याकडे बघून हसला, "मामा, कसला आवाज आहे!" मी म्हटलं, "छान आहे." त्याने गाडी घेतली. घ्यावी अशीच आहे ती, वाईट मुळीच नाही. पण ती जाळी कितीतरी दिवस डोक्यातून गेली नाही.

माझं आयुष्य भोसरी एमआयडीसीत गेलं. गिअर कापणाऱ्या एका लहानशा कारखान्यात, आधी मशीनवर, मग क्वालिटीत. दात कापायच्या हॉबिंग मशीनचं तेल अंगाला इतकं मुरलंय की बायको म्हणते, तुमचा घामही त्याच वासाचा. त्यामुळे गाडीचा आवाज माझ्यासाठी करमणूक नसतो. गिअर दातात नीट बसला की एक आवाज येतो, दाताचा पृष्ठभाग जरा खरखरीत राहिला की दुसरा. त्याला आम्ही गिअर रडतो म्हणतो. आवाज म्हणजे आत काय चाललंय याची बातमी. तीच बातमी आत काहीही चाललेलं नसताना कोणी दारातून वाचून दाखवायला लागलं, तर मला ते जरा अवघड जातं.

बरं, आवाज घडवणं यात गैर काही नाही. १९८९ साली माझ्दाने मियाटा ही दोन सीटची उघडी गाडी काढली तेव्हा तिच्या इंजिनीअरांनी जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे आवाज ऐकून ऐकून एक्झॉस्ट पाइपाची घडण बदलली होती. लांबी बदल, जाडी बदल, पुन्हा ऐक. लेक्ससने एलएफए ही गाडी फक्त ५०० नग बांधली, तिच्या आवाजासाठी यामाहाच्या वाद्यं बनवणाऱ्या लोकांना बोलावलं. तिचं दहा सिलिंडरांचं इंजिन आयडलपासून, म्हणजे उभ्या गाडीतल्या संथ फिरण्यापासून, नऊ हजार आरपीएमपर्यंत ०.६ सेकंदात चढायचं. काट्याला तो वेग झेपेना म्हणून डायलच पडद्यावरचा करावा लागला. म्हणजे तिथे पडदा आला तो काटा कमी पडला म्हणून. आपल्याकडे पडदा आला तो पडदा आवडतो म्हणून. दोघांनाही नाव स्पोर्टच.

गाडी चालवणं म्हणजे काय, हे मला कळलं ते दोन अगदी वेगळ्या गाड्यांत. पहिली दादरच्या थोरल्या काकांची प्रीमियर पद्मिनी, दुधी रंगाची. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डावीकडे. काका आम्हाला रविवारी वरळीला न्यायचे आणि मी पुढच्या सलग सीटवर त्यांच्या नि काकूच्या मध्ये बसायचो. दुसऱ्यावरून तिसरा टाकताना त्यांचा हात वर, आत, पुन्हा वर असा फिरायचा, मनगटात लय असायची. सीटच्या रेक्झिनला उन्हाचा आणि पेट्रोलचा मिसळून एक वास होता. त्या गाडीत वेग नव्हता, ब्रेक म्हणजे विनंती होती. पण काका प्रत्येक क्षणी काहीतरी करत असायचे आणि गाडी प्रत्येक क्षणी त्यांना काहीतरी सांगत असायची. सिग्नलला बंद पडू नये म्हणून चोक जरासा ओढून ठेवायचा, चढाला हाफ क्लचवर धरायचं. काकूशी मात्र ते गाडी चालवताना अवाक्षर बोलत नसत. काकू म्हणायची, "सवतीबरोबर निघालेत."

दुसरी गाडी मित्राची. फियाट पालिओ, १.६. २००१ साली आली ती, जाहिरातीत सचिन. शंभर बीएचपी, तेही त्या काळात आणि एवढ्याशा हॅचबॅकमध्ये! मित्राने घेतली तेव्हा त्याच्या वडिलांनी पहिला प्रश्न विचारला तो आपण सगळेच विचारतो, अ‍ॅव्हरेज किती देते? त्याने जे उत्तर दिलं त्यावर ते आठवडाभर त्याच्याशी नीट बोलले नाहीत. पाऊस नुकता उघडला होता आणि आम्ही पौडवरून ताम्हिणीला निघालो. मुळशीचं पाणी संपलं, रस्ता अरुंद झाला, कडेच्या ओल्या कारवीचा वास खिडकीतून आत आला. मित्राने तिसऱ्यावरून दुसरा टाकला, मधे टाच हलकेच अ‍ॅक्सिलरेटरला टेकवून इंजिन रेझ केलं, आणि गिअर असा अलगद पडला की मला कळलंसुद्धा नाही. मग त्याने मला चालवायला दिली. स्टिअरिंग जड होतं. वळणात पुढच्या चाकांखाली डांबर कुठे ओलं आहे आणि कुठे सुकलंय हे तळहाताला समजत होतं. आम्ही काही फार जोरात नव्हतो. साठ, सत्तर. समोरून येणाऱ्या एसटीला थांबून वाट दिली. कोकणात उतरून चहा प्यायलो तेव्हा माझे तळवे घामेजलेले होते आणि तोंडावर हसू होतं, बायको आजही त्याला वेड्यासारखं हसू म्हणते.

माझ्या लेखी स्पोर्ट्स कार म्हणजे एवढंच.

म्हणून रविवारी पहाटे एक्सप्रेसवेवर लोणावळ्याच्या नाश्त्याला निघालेल्या लॅम्बोर्गिनी आणि फेरारी दिसल्या की मला आनंद होतो, तरी पूर्ण होत नाही. त्यांचा आवाज खरा असतो, हे आधी कबूल. फूड मॉलला त्या ओळीने उभ्या असतात, पोरं फोन घेऊन धावतात, मीही धावतो. पण ज्या रस्त्यावर गाड्यांना ताशी शंभरची मर्यादा आहे आणि डोक्यावर कॅमेरे आहेत, तिथे सहाशे घोडे घेऊन करायचं काय? पहिल्या गिअरमध्येच मर्यादेच्या जवळ जाणारी गाडी दुसरा टाकला की कायद्याबाहेर. त्या गाडीचा उरलेला सगळा गिअरबॉक्स आपल्या देशात शोभेचा आहे, आणि दात कापणाऱ्या माणसाला याचं दुःख वाटणारच. उलट शंभर घोडे आणि एक टन वजन असेल तर प्रत्येक गिअर शेवटपर्यंत वापरता येतो, तोही चलन न येता. लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीच्या कॉलिन चॅपमनने आयुष्यभर एकच हेका धरला होता, वजन काढा. ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळेल, वजन काढलं तर सगळीकडे पळेल. ब्रेक लहान चालतात, टायर लहान चालतात, पेट्रोलही कमी लागतं. गरिबाच्या देशाला याहून सोयीचा विचार कुठला? आणि तरीही हलकी, लहान, दोन माणसांची, मध्यमवर्गाच्या आवाक्यातली गाडी आपल्याकडे कधी रुजली नाही.

लोक म्हणतात, आपल्याकडे रस्ते नाहीत. रस्ते असतात. आंबोली घ्या, वरंधा घ्या, नाशिकवरून त्र्यंबकच्या मागे जाणारे घ्या. खरी अडचण माझ्या मते एका आकड्यात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या झाली. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन बाराशे सीसीपर्यंत, डिझेल पंधराशेपर्यंत. त्यात बसलात तर अबकारी चोवीसचा सोळा टक्के. त्या एका ओळीने आपल्या गाड्यांचा आकार ठरवला, इतका की शिंप्याने माप घेऊन माणूस कापावा. सेडानच्या डिक्या मागून छाटल्या गेल्या. स्विफ्टचं तेराशेचं इंजिन २०१० साली बाराशेचं झालं. सोळाशेची हॅचबॅक काढायची तर कर जास्त, मग किंमत जास्त, मग त्या पैशात लोक सेडान घेणार. पालिओसारख्या गाडीचा वंश तिथे खुंटला. पुढे जीएसटी आला, सेस आला, सप्टेंबर २०२५ मध्ये सेस गेला आणि पेट्रोल-डिझेल गाड्यांना अठरा नि चाळीस टक्के असे दोनच दर उरले. पण त्या दोन दरांमधली भिंत अजून तिथेच, चार मीटर आणि बाराशे सीसीवर. मी मियाटाची लांबी एकदा मुद्दाम पाहिली. सध्याची पिढी ३.९ मीटर. टेप लावली तर ती आपल्या कायद्याने लहान गाडी! जपानात तिचं हलकं रूप टनाच्याही आत भरायचं. पण इंजिन दीड लिटरचं. तीनशे सीसीसाठी अठराचे चाळीस, आणि त्याआधी बाहेरून आणण्याची जकात. आता सरकारने कंपनीला वर्षाला अडीच हजारांपर्यंत गाड्या इथल्या चाचण्यांच्या फेऱ्यात न अडकता आणायची मुभा दिलीय, त्यातून २०२५ मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय ही जोरकस हॅचबॅक आली. किंमत त्रेपन्न लाख. युरोपात ही गाडी शाळामास्तरही घेतो.

आणि इथे मला खरं बोचतं ते असं, की आपल्याला जमत नव्हतं असं नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म बनत होती. दोन माणसांची, छप्पर काढता येणारी, फायबरच्या अंगाची, आत रेनॉचं लहानसं इंजिन. पणजीत एकदा लाल रंगाची पाहिली होती. पॅनेलच्या फटी एकसारख्या नव्हत्या, दार लावलं की डब्याचं झाकण लावल्यासारखं वाजायचं. पण मांडवीच्या काठाने ती गेली तेव्हा बघणाऱ्यातला एकही माणूस हसल्याशिवाय राहिला नाही. आमच्या पिंपरीकरांनी तर २००० साली जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये आरिया नावाची रोडस्टर मांडली होती. इंडिका येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि टाटांनी जगासमोर दोन सीटची उघडी गाडी ठेवली! मासिकात आलेलं तिचं चित्र आमच्या कँटीनच्या भिंतीवर बरीच वर्षं होतं. त्याच्यावर भज्यांच्या तेलाचा डाग होता. ती गाडी कधी आली नाही. दहा वर्षांनी आरिया हे नाव मिळालं ते एका सात सीटच्या गाडीला, लग्नाच्या वऱ्हाडाला सोयीच्या. कोणीतरी कँटीनमधल्या चित्राखाली पेनने लिहिलं, "लग्नानंतर."

मग २०१७. पुन्हा जिनिव्हा, पुन्हा टाटा. या खेपेला रेसमो. इंजिन सीटच्या मागे, ताकद मागच्या चाकांना, एकशे ऐंशीच्या वर घोडे. पण मला ज्याने झोप लागली नाही ते निराळं होतं. इंजिन बाराशे सीसीचं टर्बो. लांबी चार मीटरच्या आत. म्हणजे ज्या ओळीने हौसेच्या गाड्यांचा गळा घोटला होता, त्याच ओळीत मावणारी स्पोर्ट्स कार कोणीतरी बसून, विचार करून आखली होती. हे कोणाला सुचलं असेल त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पुढच्या वर्षी दिल्लीजवळच्या ऑटो एक्स्पोत ती पुन्हा फिरत्या चौथऱ्यावर उभी राहिली, विजेच्या आवृत्तीसकट. मग पैशाचं गणित, मग शांतता. त्याच सुमाराला कोइम्बतूरच्या जयेमबरोबर टियागो जेटीपी मात्र खरोखर रस्त्यावर आली. साधी टियागो, पण टर्बो इंजिन, एकशे बाराच्या आसपास घोडे, बसका सस्पेन्शन, पाच गिअर हाताने टाकायचे, आणि किंमत साडेसहा लाखांच्या आत. मी ज्या गाडीबद्दल इतकी वर्षं बडबड करत होतो ती समोर उभी होती. धुराचे बीएस-६ नियम लागू होईपर्यंत ती बाजारातून गेली. बाजारपेठेने तिला नाकारलं असं म्हणायची पद्धत आहे. बाजारपेठ म्हणजे कोण? आमच्या कारखान्यात गाड्यांवर तासन्‌तास बोलणारी पाच-सहा माणसं आहेत. त्यांच्यातल्या एकाने तरी घेतली का? नाही. एकाने कर्ज काढून कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली, कारण आई मागे बसते आणि तिला गुडघ्यांचा त्रास. खाली वाकून बसायच्या गाडीतून तिला उठवायला दोन माणसं लागतील.

यावर काय बोलणार? मला एसयूव्हीवाल्यांचा राग करायला फार आवडतं, पण तो टिकत नाही. आमच्या सोसायटीच्या दारात महापालिकेने घातलेला स्पीडब्रेकर असा आहे की खालची गाडी असेल तर पोट खरवडून निघतं. पावसाळ्यात वाकडच्या भुयारी मार्गात पाणी भरतं. उंच गाडीत बसलं की माणसाला सुरक्षित वाटतं, मलाही वाटतं. आणि ज्यांना आम्ही देव मानतो त्या कंपन्या तरी कुठे सोवळ्या राहिल्या? २००२ मध्ये पोर्शेने कायेन ही एसयूव्ही काढली तेव्हा त्यांच्या ९११ या स्पोर्ट्स कारच्या भक्तांनी कपाळ बडवलं. पुढे त्याच कायेनच्या पैशावर ९११ धडधाकट राहिली. लॅम्बोर्गिनीच्या विक्रीत आज उरुस या एसयूव्हीचा वाटा सगळ्यात मोठा. फेरारीसुद्धा चार दारांची पुरोसांग्वे विकते, फक्त तिला एसयूव्ही म्हणू देत नाही. माझी तक्रार कंपन्यांनी उंच गाड्या विकल्या ही नाहीच. त्यांनी उंच गाड्यांतून कमावलं आणि त्यातून एक तरी चटका लावणारी गाडी जगवली. आपल्याकडे कमाई झाली, पण जगवायला कोणी काही ठेवलं नाही. टाटांनी २००८ मध्ये जग्वार घेतली तेव्हा आम्हाला वाटलं, चला, स्पोर्ट्स कार घरात आली. जग्वारची एफ-टाइप ही स्पोर्ट्स कार आलीही, २०१३ मध्ये, काय रूप होतं! २०२४ मध्ये तीही थांबली.

भाच्याच्या गाडीतल्या त्या स्पीकरच्या जाळीचं मी कारखान्यात बोललो, तर क्वालिटीतला नवीन मुलगा म्हणाला, "काका, इंजिनच नसेल तर?" तो विजेच्या गाड्यांवाला. त्याने मला त्याच्या मोबाइलवर ह्युंदाईची आयोनिक ५ एन दाखवली. सव्वादोन टनांच्या घरातली, सहाशेच्या वर घोडे, गिअरबॉक्स नाही. पण स्टिअरिंगमागचं पॅडल ओढलं की मोटरची ताकद क्षणभर तोडून ती आठ गिअर असल्याचं सोंग करते, आवाजासकट. मी नाक मुरडणार होतो. मग त्याने सांगितलं की या सोंगाचा वेग कळायला उपयोग होतो. वळणाआधी किती गिअर उतरलो यावरून चालवणाऱ्याला आपण किती जोरात आलोय ते कानांनी समजतं. हे मला पटलं आणि पटलेलं आवडलं नाही. निदान तिथे पॅडल ओढून माणूस काहीतरी करतो, चुकीचा गिअर धरला तर गाडी अडखळते. भाच्याच्या गाडीतला आवाज चालवणाऱ्याला काही विचारत नाही आणि काही सांगतही नाही. एमजीची सायबरस्टरही २०२५ मध्ये इथे आली, उघडी, दोन सीटची, वर उघडणाऱ्या दारांची, वजन दोन टनांच्या जवळ, किंमत पाऊण कोटीला टेकलेली. हीच एमजी एके काळी एमजीबी नावाची टनाच्या आतली गाडी बनवायची, आणि ती पगारदार माणसं घेत असत.

विजेच्या गाडीला मोटरचा वेग कमी करणारा एकच गिअर लागतो, म्हणजे आमच्या कामाला किती दिवस राहिलेत ते मला पाठ आहे. त्यात ऑटोमॅटिकची लाट. पूर्वी सिंक्रोच्या, म्हणजे हाताने टाकायचा गिअर अलगद बसवणाऱ्या रिंगच्या, दातांचं जे काम तीन पाळ्यांत चालायचं ते आता एका पाळीत उरकतं. मालक म्हणतात, मोटरचे शाफ्ट घेऊ. घ्यावेतच. मोटरचा गिअर आमच्या जुन्या गिअरपेक्षा किती बारीक फिनिश मागतो हे बघून मी चकित झालो. इंजिनचा आवाज नसल्यामुळे त्यात दात जरा रडला तरी सगळ्या गाडीला ऐकू जातं. गंमत आहे. गाडी मुकी झाल्यावर आम्हाला जास्त नीट काम करावं लागतंय.

तो नवीन मुलगा स्वतः मात्र विजेच्या गाडीवर येत नाही. त्याने आळंदी रोडवरून एक वीस वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक दीड लाखाच्या आत उचललीय. नाव सांगत नाही, नाहीतर तिचेही भाव चढतील. मागची सीट काढून ठेवलीय, म्हणे वजन कमी. आईने विचारलं, मी कुठे बसू? तर म्हणाला, पुढे. दुसरा गिअर टाकताना करकरतो. पार्ट कंपनीकडे मिळत नाही, जुन्या बाजारात एक गिअरबॉक्स सापडलाय, त्यातली सिंक्रो रिंग चालेल का हे मला मोजून बघायला सांगितलंय. रिंगचा कोन आणि दातांची टोकं मी आकार मोठा करून दाखवणाऱ्या प्रोफाइल प्रोजेक्टरवर लावून पाहिली. एका बाजूला झीज आहे, पण अजून काही वर्षं धरेल. मालकांना विचारलंय, रविवारी बे मोकळा आहे. इंजिन उचलायचा होइस्ट शेजारच्या गॅरेजवाल्याकडून मिळेल, क्लच प्लेट तो घेऊन येतोय, गिअर ऑइल मी आणणार आहे.